सहा मिलिमीटर

लाकडाची पट्टी १२० सेंटिमीटरची होती आणि स्टुलाला पाय हवे होते चार. आठवीतल्या त्या मुलीने वहीत भागाकार केला, उत्तर आलं ३०, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि ती करवत घेऊन कामाला लागली. तीस मोजले, काटकोनासाठी गुण्या लावला, पेन्सिलीने रेघ मारली, कापलं. पुन्हा तीस मोजले, कापलं. पुन्हा एकदा. तीन पाय झाले आणि हातात उरला तो चौथा. तो तिने मोजलाच नाही. उरलेला म्हणजे तीसच असणार, त्यात मोजायचं काय?

पाय फळीला बसवले, स्टूल उभं केलं, तर ते डुगडुगायला लागलं.

ती वर्कशॉपच्या सरांकडे न जाता माझ्याकडे आली, कारण गणित मी शिकवतो. "सर, मी बरोबर भागलं होतं," म्हणाली. मी वही पाहिली. भागाकार बरोबरच होता. मग तिने टेप लावून चौथा पाय मोजला. २९.४ भरला. टेप उलटी धरून मोजला, तरी २९.४. पट्टी आधी मोजली होती का, असं मी विचारलं. मोजली होती, पुरती १२० होती. मग सहा मिलिमीटर गेले कुठे?

वर्कशॉपचे सर तिथेच उभे होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. करवत उचलली आणि दाते वर करून तिच्या हातात दिली. ती दात्यांकडे बघत राहिली. मग खाली वाकून फरशीवरचा भुसा तिने चिमटीत घेतला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "हे?"

करवतीचे दाते एकाआड एक डावीकडे-उजवीकडे वळवलेले असतात. लाकडातून पातं अडकू नये म्हणून ते स्वतःपुरती वाट करत जातात, आणि त्या वाटेतलं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. आमच्या करवतीची ही वाट दोन मिलिमीटरची. तीन वेळा कापलं, सहा मिलिमीटर गेले.

मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. दोऱ्या, पट्ट्या, कापडाचे तागे, तारा असं काय काय मी फळ्यावर सारख्या तुकड्यांत कापलं असेल त्याचा हिशेब नाही. माझ्या एकाही उदाहरणात करवतीने काही खाल्लं नव्हतं. त्या दिवशी मी फळ्यावर चार क्ष अधिक सहा बरोबर बाराशे असं समीकरण लिहिलं, क्ष काढला २९८.५ मिलिमीटर, आणि वर्गातली एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलंही त्या "अधिक सहा"कडे बघत होती. तो आकडा कुठून आला हे त्यांना ठाऊक होतं. तो त्यांच्या चपलांना चिकटला होता.

मग कुणीतरी विचारलं, आखूड पाय काढून टाकला आणि तीनच पाय ठेवले तर? ठेवून पाहिले. स्टूल जरा कललं असेल, पण डुगडुगलं नाही. तीन पाय कसेही लहानमोठे घ्या, तिन्हींची टोकं एकाच वेळी जमिनीला टेकतातच, कारण तीन बिंदूंतून एक प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठभाग, जातं. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असं नाही. हे विधान पुस्तकात असतं, मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहून येतात. स्टुलावर बसून ते कळलेली मुलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

हे सगळं सांगताना मला जी गोष्ट सांगायची आहे ती मात्र याच्या बारा वर्षं आधीची आहे, आणि ती सांगायला मला जड जातं.

तेव्हा मी शहरातल्या दुसऱ्या एका सरकारी शाळेत होतो. त्या शाळेला नव्यानेच एक वर्कशॉप मिळालं होतं. चार बाक, एक भोकं पाडायचं यंत्र, सोल्डरिंगची थोडी सामग्री. जागा कमी, म्हणून प्रत्येक वर्गातून चौदाच मुलं घ्यायची असं ठरलं. वर्गशिक्षक म्हणून यादी मी केली. करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. गणितात नापास होणारी, वाचताना अडखळणारी, मागच्या बाकावरची अशी चौदा नावं लिहिली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. उलट या मुलांच्या हाताला काहीतरी लागेल, पुढे पोटापाण्याची सोय होईल, असंच वाटत होतं. हुशार मुलांचा अभ्यास कशाला बुडवायचा?

दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एका मुलाची आई आली. ती शिलाईच्या कारखान्यात मशीनवर काम करायची, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिने यादी बघायला मागितली. वरपासून खालपर्यंत नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर, मी हाताचंच काम करते. काम वाईट नाही. पण पहिला नंबर येतो तो मुलगा यात का नाही?"

मी जागा कमी आहे वगैरे काहीबाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. शेवटी मी तिच्या मुलाचं नाव यादीतून खोडलं. ती गेली. खोडलेल्या नावाच्या जागी मी खालच्या गुणांचा आणखी एक मुलगा घातला.

यादी तशीच ठेवली. तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी तिला दिलं नाहीच, वर तिच्या मुलाचं वर्कशॉपही गेलं. त्याचे हात चांगले होते, हे मला नंतर कळलं. वर्गातल्या पंख्याचं रेग्युलेटर त्याने कुणाला न विचारता दुरुस्त केलं होतं.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि त्या बाईचा प्रश्न मला जागोजागी भेटत गेला. अमेरिकेतल्या गॅरी या पोलादाच्या गावी विल्यम वर्ट नावाचे शिक्षणाधिकारी १९०७ साली आले. त्यांनी शाळेची मांडणीच बदलली. निम्मी मुलं वर्गात बसायची तेव्हा निम्मी सुतारकामात, छापखान्यात, प्रयोगशाळेत, बागेत किंवा मैदानावर असायची. मग अदलाबदल. शाळेच्या इमारतीची डागडुजी करणारे कारागीर मुलांना हाताखाली घेऊन शिकवायचे. लांबून माणसं ती शाळा बघायला येत. न्यूयॉर्क शहराने ही पद्धत उचलली. तिथे शाळा गच्च भरलेल्या होत्या आणि या पद्धतीत एकाच इमारतीत जास्त मुलं मावत होती. खर्च वाचवणं हाही हेतू होता आणि तो लपून राहिला नाही. आईबाप बिथरले. त्यातले कितीतरी जण स्वतः कारखान्यांत राबणारे, बाहेरच्या देशांतून आलेले. आपली मुलं शाळेतूनच कारखान्याकडे वळवली जातायत असं त्यांना वाटलं. १९१७च्या ऑक्टोबरमध्ये हजारो मुलं शाळा सोडून रस्त्यावर आली, शाळांवर दगड पडले, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत ही पद्धत आणणारे महापौर जॉन मिचेल हरले. पद्धत गुंडाळली गेली.

त्या पालकांना अडाणी म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. शिलाईकाम करणाऱ्या त्या आईसारखंच त्यांनी यादीवरून बोट फिरवलं होतं.

त्याच १९१७ साली अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला. धंदेशिक्षणासाठी पहिल्यांदाच केंद्र सरकारचा पैसा आला, पण त्याचा कारभार वेगळ्या मंडळांकडे आणि शिकवण्याचा निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष उत्पादक कामाला, अशी त्याची रचना होती. पुस्तकाची शाळा एकीकडे, हाताची दुसरीकडे. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी अशा फाळणीला आधीपासून विरोध केला होता. मला ड्यूईंबद्दल आदर वाटतो तो मात्र त्यांच्या वादांपेक्षा एका छोट्या गोष्टीमुळे. शिकागोतल्या त्यांच्या प्रायोगिक शाळेत मुलांच्या हातात कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस दिला होता. कपड्यांच्या इतिहासात सुती कापड लोकरीच्या मागे का पडलं, हे मुलांनी शोधायचं होतं. एका गटाने अर्धा तास बसून सरकीतून कापूस वेगळा केला. निघाला एक औंसही नाही, म्हणजे तीस ग्रॅमच्या आत. सरकी काढायचं यंत्र आल्यावर जगात एवढी उलथापालथ का झाली हे त्या मुलांना तारखा पाठ करून समजून घ्यावं लागलं नसेल. त्यांची बोटं दुखत होती. आणि ही मुलं पुढे विणकर व्हावीत म्हणून कुणी त्यांना कापूस दिला नव्हता.

फिनलंडमध्ये १८६६पासून हस्तव्यवसाय शाळेत आहे. आजही सातवीपर्यंत तो सगळ्या मुलामुलींना शिकावा लागतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली नई तालीमही सगळ्यांसाठीच होती, अमुक मुलांसाठी हात आणि तमुकांसाठी डोकं अशी वाटणी तिच्यात नव्हती. म्युनिकचे गेओर्ग केर्शेनश्टायनर आधी गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचे. १८९५ साली शहराच्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. कामाला लागलेल्या पोरांसाठी शहरात ज्या जोडशाळा होत्या, त्या त्यांनी एकेका धंद्याभोवती नव्याने उभ्या केल्या आणि शाळांत लाकडाच्या, धातूच्या कार्यशाळा घातल्या. गणिताचा मास्तर म्हणून मला त्यांच्याविषयी जास्तच आपलेपणा वाटतो.

मी मात्र शिक्षक आहे, आणि शिक्षकाला शेवटी विचारतात, "पण याने होतं काय?" याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर असं. फिलाडेल्फियात १९६९ साली एका सरकारी हायस्कूलमध्ये वीजकामाची अकादमी निघाली. शाळेतच एक छोटी शाळा, तेच शिक्षक आणि तीच मुलं काही वर्षं एकत्र, एका व्यवसायक्षेत्राभोवती गुंफलेले विषय, आसपासच्या कामाच्या ठिकाणी उमेदवारी, म्हणजे काम करत शिकणं. पुढे अशा अकादम्या देशभर पसरल्या. १९९०च्या दशकात नऊ शाळांतल्या अकादम्यांचा अभ्यास सुरू झाला. अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले गेले. त्यामुळे आत गेलेली आणि बाहेर राहिलेली मुलं मुळात सारखी होती. परीक्षेच्या गुणांत दोघांत फरक पडला नाही. पण शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकादमीतल्या मुलांची सरासरी कमाई ११ टक्क्यांनी जास्त होती. आणि त्यासाठी त्यांना कॉलेजावर पाणी सोडावं लागलं नव्हतं. पुढे शिकणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं.

मी हे वाचलं त्या रात्री उशिरापर्यंत जागा होतो. गुणांत फरक नाही. म्हणजे ज्या पट्टीने आम्ही शिक्षक मुलं मोजतो त्या पट्टीवर ते दिसलंच नसतं. आणि चिठ्ठ्या! मी चौदा नावं काढली तेव्हा चिठ्ठ्या टाकायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आता कामाबद्दल, म्हणजे करिअर हा शब्द आम्ही ज्यासाठी वापरतो त्याबद्दल. शहरात वाढणाऱ्या मुलाच्या आजूबाजूला शेकडो प्रकारची कामं चाललेली असतात आणि त्यातलं जवळजवळ काहीच त्याला दिसत नाही. काम दाराआड असतं. पाणी नळाला येतं, सिग्नल बदलतो, रक्ताचा रिपोर्ट पाकिटातून येतो. मुलांना विचारा मोठेपणी काय होणार, पाच-सहा नावं सांगतील, कारण तेवढीच माणसं त्यांना काम करताना दिसतात. व्यवसाय मार्गदर्शनाच्या नावाखाली आम्ही वर्षातून एकदा एक तक्ता लावतो आणि एक व्याख्यान ठेवतो. ते ऐकून कुणाचं काही ठरल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्याऐवजी दोन वर्षांपूर्वी आम्ही नववीतली बारा मुलं एका सरकारी रुग्णालयाच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत नेली. छताच्या वर, अरुंद जिना चढून. लिफ्ट बंद करून मेकॅनिकने मुलांना कप्पी दाखवली, तिच्यावरून गेलेले पोलादी दोर दाखवले, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. रोज लिफ्टने जाणाऱ्या मुलांनाही वाटत होतं की मोटर सगळं वजन ओढते. दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो, त्याने सांगितलं. रिकाम्या लिफ्टइतका, वर लिफ्ट जेवढी माणसं नेऊ शकते त्यांच्या जवळपास निम्म्या वजनाइतका.

मुलं गप्प झाली. मग एका मुलीने बोट वर केलं. ती वर्गात कधी बोलत नाही. "म्हणजे रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हा मोटरला तिला ओढायला लागत नाही? उलट धरून ठेवायला लागतं?"

मेकॅनिकने तिच्याकडे पाहिलं. "बरोबर. तेव्हा मोटर ब्रेकचं काम करते," म्हणाला, आणि पुढचा पाऊण तास तो तिच्याशीच बोलत होता. कंट्रोल पॅनेल उघडून त्याने तिला सर्किटचं चित्र दाखवलं, दाराचा संपर्क तुटला की कुठला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, सुटतो ते बोटाने दाखवलं. आपल्याला हे वाचायला शिकायला किती वर्षं लागली तेही सांगितलं. खाली आल्यावर तिने मला विचारलं की हे शिकायला काय लागतं. मी सांगितलं, गणित लागतं, वीज लागते. "आणि यापेक्षा मोठी लिफ्ट बनवायला?" तेही सांगितलं. दोन्ही वाटा त्याच जिन्याने जातात हे मला तिला सांगता आलं याचं मला बरं वाटलं, आणि दुसरी वाट तिला परवडेल का, हा विचारही त्याच क्षणी आला. स्वित्झर्लंडमध्ये दोन तृतीयांशांच्या आसपास मुलं उमेदवारीच्या वाटेने जातात, आणि १९९०च्या दशकापासून तिथे त्या वाटेवरूनही एक परीक्षा देऊन उच्च शिक्षणात शिरता येतं. दार असं उघडं असेल तर मूल पंधराव्या वर्षी निर्भयपणे हाताचं काम निवडू शकतं. नसेल तर त्याच्या आईने घाबरायलाच हवं.

शाळांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुणी बोलत नाही. यंत्र घेणं सोपं असतं. त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. पण करवतीचं पातं बोथट होतं, सोल्डरची तार संपते, लाकूड संपतं, ड्रिलचे बिट मोडतात. वर्कशॉप या गोष्टींवर चालतं, आणि अंदाजपत्रकात यांना जागा नसते. एका शाळेत मी त्रिमितीय छपाईचं यंत्र पाहिलं, प्लॅस्टिकच्या खोळीत घातलेलं. भरायची तार संपून वर्ष झालं होतं. त्या शाळेतल्या बाई खोळीवरची धूळ पुसत होत्या. मुलांच्या हाताला वस्तू लागू द्यायच्या तर वस्तू खराब होणार, तुकडे वाया जाणार, हे मुळातच धरून चालायला हवं. चाळीस मुलं आणि एक शिक्षक असंही वर्कशॉप चालत नाही. वीस फार झाली. दाते असलेली वस्तू मुलाच्या हातात आहे हे विसरून चालत नाही.

ते स्टूल शेवटी चार पायांवरच उभं राहिलं. बाकीचे तीन पाय २९.४ करायचे असं तिने ठरवलं. सहा मिलिमीटरचा काप करवतीने धड निघत नाही, पातं घसरतं, म्हणून तिने ते कानसीने उतरवले. थोडं घासायचं, गुण्या लावून बघायचं, टेप लावायची, परत घासायचं. पूर्ण दोन तासिका गेल्या. वर्कशॉपचे सर एकदाच तिच्याजवळ गेले आणि कानस कशी धरायची ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवून आले. ते स्टूल आता माझ्या वर्गात आहे.

या वर्षीची वर्कशॉपची यादी मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. पहिल्या दहा नंबरांच्या मुलांना सूट द्यावी, त्यांचा जादा अभ्यास त्याच वेळी घेता येईल, अशी सूचना तिच्यावर पेन्सिलीने लिहिली होती. मी ती खोडली आणि यादी हजेरीच्या क्रमाने पुन्हा लिहिली. अठ्ठेचाळीस मुलं, सोळा-सोळांचे तीन गट. करवती बारा आहेत. आणखी चारांचं मागणीपत्र आज दुपारी दिलं, आणि सोबत पात्यांचं वेगळं.